ते भांडं आतून धुऊ नका

इराणच्या मातीतल्या प्राचीन वस्तू विकत घेणारे संग्राहक आणि त्या विकणारी लिलावगृहं यांना खुलं पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी आयुष्यभर खापरं रेखाटण्याचं काम केलं. उत्खननाच्या जागेवरून कापडी पिशव्या येतात. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. काठाचा तुकडा घ्यायचा, वर्तुळांच्या तक्त्यावर टेकवून भांड्याच्या तोंडाचा व्यास काढायचा, मग कागदावर अर्ध्या भागात छेद आणि अर्ध्या भागात बाहेरची बाजू काढायची. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखायची आणि त्यात चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. या कामात माझी नजर गेली, पाठ गेली, पण ती चौकट मी कधी रिकामी सोडली नाही.

मागच्या दिवाळीत एका परिचितांकडे फराळाला गेलो होतो. त्यांचे जावई आखातात नोकरीला असतात. त्यांनी मखमली अस्तराच्या पेटीतून एक दगडी भांडं काढून माझ्या हातात दिलं. हिरवट-करड्या रंगाचा, शंखजिऱ्यासारखा मऊ दगड. मध्ये किंचित निमुळता होत गेलेला आकार. अंगावर एकमेकांत गुंतलेले दोन साप, खजुराचं झाड आणि वशिंडाचा बैल. "काका, याचं एक चित्र काढून द्या ना, फ्रेम करून लावायचं आहे." मी विचारलं, कुठलं आहे? "इराणचं. जिरोफ्तचं आहे म्हणाला दुकानदार. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं." भांड्याला तेल लावून चकाकी आणली होती. मी आत बोट फिरवलं, बोटाला काहीच लागलं नाही. जावई कौतुकाने म्हणाले, "आत खूप माती चिकटली होती. ब्रश घेऊन सगळी घासून काढली."

मी ते चित्र काढून दिलं नाही. त्या तरुणाचं मन दुखावलं असेल, त्याचं मला वाईट वाटतं. तो चोर नाही. त्याला सुंदर वस्तूची ओढ आहे, आणि ती मलाही आहे. पण उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत मी काय लिहिणार होतो? त्या घरातून निघाल्यापासून हे पत्र माझ्या मनात घोळतं आहे. तुमच्यातले बरेचजण लंडन, न्यू यॉर्क, दुबई, जिनिव्हा इथले असतील आणि मराठी वाचत नसतील. पण त्या घरी मराठीच बोलत होते. म्हणून मराठीतच लिहितो.

आधी जिरोफ्तबद्दल, कारण तुमच्या बाजारात हे नाव आता छापासारखं वापरलं जातं.

इराणच्या आग्नेयेला केरमान प्रांतात हलील नदीचं खोरं आहे. २००१ च्या सुमारास या नदीला पूर आला आणि काठच्या जमिनीतली जुनी थडगी उघडी पडली. आसपासच्या गावांतली माणसं आधीच दुष्काळाने गांजलेली होती. थडग्यांत कोरीव दगडी भांडी निघतात आणि ती घ्यायला गिऱ्हाइकं येतात हे कळल्यावर गावंच्या गावं खणायला बसली. जमीन कुटुंबाकुटुंबांत वाटून घेतली गेली. महतूताबादची दफनभूमी तर चाळणीसारखी भोकाभोकांची झाली. २००२ मध्ये पोलिसांनी धाडी घातल्या, शेकडो वस्तू जप्त झाल्या, आणि २००३ च्या सुरुवातीला युसूफ मजीदजादेह यांच्या नेतृत्वाखाली जवळच्या कोनार संदल इथे रीतसर उत्खनन सुरू झालं. तोवर दफनभूमीतलं बहुतेक सगळं निघून गेलं होतं.

खणणाऱ्या गावकऱ्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या शेतात दोन वर्षं पीक आलेलं नाही, त्याला थर आणि संदर्भ (म्हणजे वस्तू कुठे, कशी आणि कशाबरोबर पडली होती ते) यांवर व्याख्यान देण्याची माझी हिंमत नाही. त्याच्या हाती जे पडलं ते तुमच्या लिलावाच्या आकड्यापुढे चिल्लर होतं. पण मागणी त्याने तयार केली नव्हती. ज्या रात्री त्याने कुदळ उचलली त्या रात्री दूरच्या एखाद्या शहरात एक गिऱ्हाईक तयार उभं होतं, म्हणून त्याने ती उचलली.

आता तुम्ही विचाराल की भांडं तर टिकलं, मग नुकसान कशाचं झालं? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

शहर-ए-सोख्ता पाहा. सिस्तानात, अफगाणिस्तानच्या सरहद्दीजवळ, झाबोलपासून जेमतेम साठ किलोमीटरवर हे टेकाड आहे. नावातला 'शहर' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. सोख्ता म्हणजे जळलेलं. जळलेलं शहर. इ.स.पू. ३२०० ते १८०० च्या दरम्यान इथे मोठी वस्ती होती. १९६७ पासून मौरिझिओ तोझी यांच्या इटालियन पथकाने इथे खणलं आणि पुढे मन्सूर सज्जादी यांच्या इराणी पथकाने काम चालू ठेवलं. क्षाराच्या कडक पापुद्र्याखाली लाकूड, कापड, विणलेल्या टोपल्या असं सहसा न टिकणारं पुष्कळ काही इथे टिकलं आहे.

२००६ मध्ये सज्जादींच्या पथकाला एका थडग्यात तिशीच्या आसपासची एक बाई मिळाली. चांगली उंच, सुमारे सहा फुटांची. तिच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीत एक अर्धगोल होता, साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाचा. डांबरासारख्या हलक्या द्रव्यात चरबी मिसळून तो घडवलेला होता. वर सोन्याची अगदी बारीक तार बसवून बुबुळापासून फाकणाऱ्या रेषा दाखवल्या होत्या. दोन्ही बाजूंना दोरा ओवण्यासाठी भोकं होती. खोबणीवरच्या खुणांवरून कळलं की तो घासत होता, म्हणजे बाईने तो जिवंतपणी वापरला होता. जवळजवळ ४८०० वर्षांपूर्वीचा हा कृत्रिम डोळा आहे, माहीत असलेल्या सगळ्यांत जुना.

हीच वस्तू एखाद्या रात्री कंदिलाच्या उजेडात कुणाच्या हाताला लागली असती तर? कवटी लाथेने बाजूला गेली असती. अर्धगोल खिशात गेला असता. दुकानदाराने त्याला 'सोन्याच्या तारेचं जडावकाम असलेलं पदक, बहुधा कपड्यावर शिवण्याचं' म्हटलं असतं, आणि ते म्हणणं खोटं आहे हे जगात कुणालाही सिद्ध करता आलं नसतं. तो डोळा आहे, हे त्या वस्तूत कुठेही लिहिलेलं नाही. ती खोबणीत होती, म्हणून तो डोळा आहे. वस्तू तीच, पण जागा गेली की ती बाई गेली, तिचं आंधळेपण गेलं, तिच्यासाठी बसून ते बुबुळ घडवणारा कारागीरही गेला.

त्याच शहरात लाजवर्दाच्या, म्हणजे गडद निळ्या मौल्यवान दगडाच्या, मण्यांचे कारखाने निघाले. गारगोटीची बारीक टोचणी, भोक पाडताना फुटलेले मणी आणि निळा चुरा. आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून कच्चा दगड इथे यायचा, इथे साफ व्हायचा आणि पश्चिमेकडे जायचा. हा सगळा व्यापार आपल्याला कळला तो त्या चुऱ्यावरून. तुमच्यापैकी कुणी आजवर चुरा विकत घेतला आहे का? चोरटा खणणारा चुऱ्यावर पाय देऊन पुढे जातो, कारण त्याला किंमत नसते. मी मात्र सांगतो, कुठल्याही अखंड मण्यापेक्षा तो चुरा जास्त बोलतो. जिरोफ्तच्या त्या करड्या दगडाचंही तसंच आहे. हा क्लोराइट कुठे कोरला जायचा याचा भक्कम पुरावा १९६७ ते १९७५ या काळात केरमानमधल्याच तेपे याह्या इथल्या उत्खननात मिळाला, तो अर्धवट कोरलेल्या तुकड्यांवरून आणि कारागिरांनी टाकून दिलेल्या कचऱ्यावरून. अशी भांडी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, शहरांत आणि इराणच्या आखाताकाठी पोचलेली होती. त्यांचा माग लागला तो प्रत्येक जागी कुणीतरी थराचा आकडा लिहून ठेवला म्हणून.

संदर्भ हरवण्यासाठी चोरीच व्हावी लागते असंही नाही. आपल्याकडचंच सांगतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळं मिळून साठ किलोंहून अधिक वजन. असं काम अख्ख्या देशात दुसरं नाही. माणूस प्रामाणिक होता, वस्तू सरकारकडे आल्या, संग्रहालयात गेल्या. पण त्या कोणत्या थरातून आल्या हे पाहणारं त्या क्षणी तिथे कुणी नव्हतं. नंतर टेकाडावर रीतसर उत्खनन झालं तरी तो प्रश्न पुरता मिटला नाही. या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या की बऱ्याच नंतरच्या, यावर विद्वान वर्षानुवर्षं वाद घालत आले. झुडूप उपटायला लागला तेवढा वेळ, आणि त्याने पन्नास वर्षांचा वाद मागे ठेवला.

आणि याच्या उलट इनामगाव. घोड नदीच्या काठचं ते पांढरीचं टेकाड. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी पुरलेली मिळाली. तिच्याबरोबर बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल. बैलाच्या पाठीवर भोक, मूर्तीच्या अंगात भोक. काडी घातली की ती बाई बैलावर स्वार होते. बाजारात ती मूर्ती सुटी आली असती तर कुणीही म्हटलं असतं की डोकं तुटलंय, किंमत कमी करा. पेटीतून आली म्हणून कळलं की तिला मुद्दाम डोक्याविना घडवलं होतं, आणि घरातल्या कुणीतरी श्रद्धेने जमिनीखाली ठेवलं होतं. मी विद्यार्थी असताना हे प्रथम ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि आज लिहितानाही येतो.

पुण्यातल्या खापरं रेखाटणाऱ्याने इराणची एवढी काळजी का करावी, असं तुम्हाला वाटेल. नर्मदेकाठी महेश्वरसमोर नावडाटोली आहे. तिथे निघालेल्या लांब चोचीच्या भांड्यांची तुलना ह. धी. सांकळिया यांनी १९५५ मध्ये इराणमधल्या भांड्यांशी केली होती. ती तुलना आज कितपत टिकते यावर मतभेद आहेत. पण ती करता आली, कारण इराणमधली भांडी काशानजवळच्या सियाल्कसारख्या जागांवर खणून, मोजून, चित्रं काढून छापलेली होती. रोमां गिर्शमन यांनी १९३० च्या दशकात सियाल्कची थडगी एकेक करून नोंदवली. कुठल्यातरी अनोळखी आरेखकाने तिथली भांडी कागदावर उतरवली, आणि ती चित्रं समोर ठेवून पुण्यात बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता आला. उलट तुमच्या सूचीपत्रांत चोचीच्या भांड्यांखाली 'अमलश' एवढंच लिहिलेलं मी कितीदा पाहिलं आहे. अमलश हे कॅस्पियन समुद्राजवळचं एक गाव आहे. व्यापाऱ्यांनी त्या सबंध मुलखातल्या लुटीला त्याचं नाव चिकटवून टाकलं. त्या नावावरून कुठलाही प्रश्न विचारता येत नाही.

पश्चिम इराणमधल्या लुरिस्तानच्या काशाच्या वस्तूंचं तर आणखी वाईट झालं. घोड्याच्या तोंडातले लगाम, कुऱ्हाडी, प्राण्यांनी वेढलेल्या मानवाकृती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बाजारात येऊ लागल्या आणि पाहता पाहता जगभरच्या संग्रहालयांत पसरल्या. त्यांतल्या हजारो वस्तूंच्या मागे एकही नोंदलेलं थडगं नाही. या वस्तू कुणाच्या, कोणत्या शतकातल्या, घोड्याबरोबर पुरलेल्या की देवळात वाहिलेल्या, हे ठरवायला अभ्यासकांना १९३८ च्या सुर्ख दुमच्या उत्खननावर आणि पुढे १९६५ पासून बेल्जियन पथकाने शोधलेल्या मोजक्या दफनभूमींवर अवलंबून राहावं लागलं. एवढा मोठा ढीग, आणि त्याचा अर्थ लावायला ओंजळभर खोदकाम.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. आमच्या क्षेत्राचे हातही स्वच्छ नाहीत. १९०० च्या कराराने नैऋत्य इराणमधल्या सूसा या प्राचीन शहरातून निघेल ते सगळं फ्रान्सला मिळालं. तिथे १८९७ पासून खणणारे जाक द मॉर्गन हे मुळात खाणींचे अभियंता. त्यांनी पाच-पाच मीटरचे थर कापून गाड्या भरभरून माती काढली. त्या मातीत कच्च्या विटांच्या भिंती होत्या, त्या त्यांच्या माणसांना ओळखूच आल्या नाहीत. किती घरं, किती रस्ते त्या गाड्यांतून वाहून गेले याचा हिशोब आता लागणार नाही. याला मी लूटच म्हणेन, मग तिच्यावर कितीही शिक्के असोत.

पण त्याच सूसाची एक गोष्ट माझ्या म्हणण्याला आधार देते. हम्मुराबीचा कायदा कोरलेला काळा दगड १९०१-०२ मध्ये सूसातच मिळाला. हम्मुराबी बॅबिलोनियाचा राजा. मग त्याचा दगड इराणमध्ये काय करत होता? इ.स.पू. बाराव्या शतकात एलामचा, म्हणजे सूसा ज्यात होतं त्या जुन्या राज्याचा, राजा शुत्रुक-नाहुंते याने मेसोपोटेमियावर स्वारी केली आणि विजयाची खूण म्हणून असे दगड उचलून सूसाला आणले. हा दगड जर दुकानातून आला असता तर त्यावरचा मजकूर वाचून सगळ्यांनी डोळे मिटून 'बॅबिलोन' म्हटलं असतं. तो कुठे पडला होता हे माहीत होतं, म्हणून कायद्याबरोबर एका स्वारीची कथाही आपल्याला मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लुटारूचं नाव आपल्याला माहीत आहे. दिवाळीत माझ्या हातात आलेलं भांडं कुणी, केव्हा, कुठून काढलं, ते मात्र वीस-बावीस वर्षांतच कुणाला सांगता येत नाही.

सुटी वस्तू आणि संच यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर पर्सेपोलिसच्या, म्हणजे प्राचीन इराणी सम्राटांच्या राजधानीच्या, मातीच्या पाट्यांकडे वळा. १९३३ मध्ये एर्न्स्ट हेर्झफेल्ड यांच्या पथकाला तटबंदीतल्या दोन खोल्यांत पाट्यांचा ढीग मिळाला. पाट्या आणि तुकडे मिळून तीस हजारांच्या आसपास. बहुतेक तळहातावर मावणाऱ्या, एलामी भाषेतल्या, काही अरमाईकमध्ये. इ.स.पू. ५०९ ते ४९३, म्हणजे सम्राट पहिल्या दारयवहूच्या कारकिर्दीतल्या. त्यांत युद्धं नाहीत, देवांची स्तुती नाही. शिधावाटपाचे हिशोब आहेत. कुणाला किती धान्य, किती दारू, कोणत्या कामासाठी, कुणाच्या शिक्क्याने. हिंदुशहून, म्हणजे सिंधूकडच्या प्रांतातून, सूसाला निघालेल्या प्रवाशांचा शिधा आहे. बाळंतिणींना मिळणारा जादा शिधा आहे, आणि मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट, हेही निमूटपणे लिहिलेलं आहे. पार्नाका नावाच्या बड्या कारभाऱ्याला दिवसाला दोन मेंढ्या मिळत. दारयवहूने आपल्या कळपातल्या शंभर मेंढ्या इर्ताश्दुना या राजस्त्रीला देण्याचा हुकूम सोडला, तोही तिथे आहे.

यातली एक पाटी वेगळी काढली तर ती म्हणजे धान्याची एक पावती. पण एकाच माणसाचा शिक्का शंभर पाट्यांवर सापडतो, तेव्हा त्याची बदली, त्याचा प्रवास, त्याचा अधिकार सगळं उलगडत जातं. पुण्यातलं पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. मोडीतला एक सुटा कागद म्हणजे कुणीतरी कुणाला अमुक रुपये दिल्याची नोंद. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडून कागद क्रमाने लावले की एक अख्खा परगणा डोळ्यांसमोर उभा राहतो. कल्पना करा की कुणी एकेक रुमाल सोडला आणि सुंदर अक्षराचे कागद चौकटीत घालून सुटे सुटे विकले.

हे घडता घडता राहिलं आहे. पाट्या अभ्यासासाठी उसन्या म्हणून १९३० च्या दशकात शिकागो विद्यापीठात गेल्या. १९९७ मध्ये जेरुसलेममध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यातल्या जखमींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना अमेरिकी न्यायालयाने इराणकडून भरपाई मंजूर केली होती. ती वसूल करण्यासाठी या पाट्या जप्त करून विकाव्यात, असा दावा २००४ मध्ये उभा राहिला. त्या माणसांचं दुःख खरं होतं, त्याबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण विक्री झाली असती तर तीस हजार तुकड्यांचं ते दफ्तर जगभरच्या दिवाणखान्यांत विखुरलं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की पाट्या विकता येणार नाहीत. २०१९ मध्ये १,७८३ पाट्या इराणला परत गेल्या. त्या बातमीने मला दोन दिवस झोप लागली नाही, आनंदाने.

आता बाजाराबद्दल, तुमच्या हिताच्या बाजूनेही. संदर्भ नसला की वस्तूचं खरंखोटेपण ठरवायला फक्त तज्ज्ञाची नजर उरते, आणि नजर चुकते. लुरिस्तानातल्या कल्माकरेह गुहेतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस चांदीच्या भांड्यांचा मोठा साठा निघाला आणि जगभर पांगला. त्यातलाच म्हणून विकला गेलेला ग्रिफिनच्या (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेल्या काल्पनिक प्राण्याच्या) आकाराचा चांदीचा प्याला सीरियातला असल्याची खोटी कागदपत्रं दाखवून अमेरिकेत आणला गेला. खटला झाला आणि २०१३ मध्ये तो इराणला सन्मानाने परत दिला गेला. तो अस्सल नसून आधुनिक काळात घडवलेला आहे, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे एका वस्तूसाठी दोन देशांत चर्चा होते आणि ती अस्सल आहे की नाही हेही सांगता येत नाही. जिरोफ्तमध्ये तर याचा डाग खऱ्या उत्खननालाही लागला. कोनार संदलला भौमितिक चिन्हांच्या मातीच्या पाट्या मिळाल्या, पण आसपास एवढी लूट आणि एवढ्या नकला झाल्या होत्या की त्या लिपीवर विश्वास ठेवावा की नाही यावर विद्वान अजून एकमत करू शकलेले नाहीत. कदाचित ती माणसाच्या सगळ्यांत जुन्या लिप्यांपैकी एक असेल. पण तशी असली तरी आपण तिच्याकडे संशयाने पाहणार.

आणि कायदाही आता तुमच्या बाजूला नाही. इराणने जिरोफ्तच्या क्लोराइटच्या १८ वस्तूंसाठी लंडनच्या एका दालनाविरुद्ध दावा लावला. आम्ही फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड इथून रीतसर विकत घेतल्या, असं दालनाचं म्हणणं होतं. मार्च २००७ मध्ये इराण हरलं. डिसेंबर २००७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि इराणला या वस्तूंवर हक्क सांगता येतो असं ठरवलं. पर्सेपोलिसच्या भिंतीवरचा एका सैनिकाचा कोरीव तुकडा १९३० च्या दशकात तिथून नाहीसा झाला, अनेक वर्षं कॅनडातल्या एका संग्रहालयात राहिला, तिथून पुन्हा चोरीला गेला, सापडला, विकला गेला. शेवटी २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या कलामेळ्यात पोलिसांनी तो जप्त केला आणि २०१८ मध्ये तो इराणला परत गेला. ऐंशी वर्षांनीही त्याचा जागेवरचा हक्क संपला नाही. तुमच्या कपाटातल्या वस्तूचाही संपणार नाही.

"आम्ही घेतलं नसतं तर ते नष्ट झालं असतं," असं तुम्ही म्हणता. मार्लिकची आठवण करून देतो. १९६१ मध्ये इज्जत नेगहबान यांना उत्तर इराणच्या एका टेकडीवर चाचणीच्या खड्ड्यातच सोन्याच्या वस्तू लागल्या. त्यांनी ओळखलं की आपण पाठ फिरवली की दुसऱ्या दिवशी टेकडी खणलेली असेल. व्यापाऱ्यांची माणसं आधीच घिरट्या घालत होती. ते हलले नाहीत. पहारा लावून सलग चौदा महिने खणलं. त्रेपन्न थडगी नोंदवून बाहेर आली, सोन्याच्या पेल्यांसकट. वस्तू वाचवण्याचा हा मार्ग आहे, आणि तो एका माणसाच्या हट्टाने शक्य झाला. तुमच्या एका लिलावातल्या रकमेत असे कितीतरी पहारे बसवता आले असते.

पर्सेपोलिसच्या चौथऱ्यापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर तोल-ए-आजोरी नावाचं टेकाड आहे. आजोर म्हणजे पक्की वीट. इथे २०११ पासून इराणी आणि इटालियन पथकांनी खणलं आणि रंगीत झिलईच्या विटांचं एक भव्य द्वार निघालं, बॅबिलोनच्या इश्तार द्वाराच्या धर्तीचं, पर्सेपोलिस बांधलं जाण्याआधीचं. इराणी सम्राट सायरसने इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन घेतल्यावर तिथली कारागिरी फार्समध्ये, म्हणजे पर्सेपोलिसच्या मुलखात, कशी आली, याचं पहिलं ठोस उत्तर या विटांच्या तुकड्यांत आहे. झिलईचे तुकडे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. ते वेळेआधी तुमच्यापर्यंत पोचले असते तर 'बॅबिलोन, इ.स.पू. सहावं शतक' अशा पाटीखाली विकले गेले असते, आणि ते द्वार कुणाला कळलंच नसतं. असं काय काय आधीच विकलं गेलं असेल, हा विचार मला रात्री छळतो.

म्हणून लिलावगृहांना विनंती आहे की वस्तू १९७० पूर्वी कायदेशीरपणे देशाबाहेर आल्याचा लेखी पुरावा नसेल तर ती मंचावर ठेवू नका. 'एका युरोपीय संग्रहातून' एवढं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. 'असं म्हणतात की अमुक ठिकाणचं' हेही छापू नका, कारण पुढच्या सूचीपत्रात ते 'असं म्हणतात' गळून जातं आणि खोटी जागा खरी होऊन बसते.

आणि ज्यांच्या घरी अशी वस्तू आधीच आली आहे, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. घाबरू नका, लपवू नका, पुढे विकू नका. कुणाकडून घेतली, केव्हा, किती पैशाला, त्याने काय काय सांगितलं, ते आठवेल तेवढं आजच कागदावर उतरवा. पावती, खोका, गुंडाळलेलं वर्तमानपत्रसुद्धा ठेवून द्या. त्या वर्तमानपत्राच्या तारखेवरून कधी कधी माग लागतो. चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा. मग जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या विभागात जा. परत पाठवण्याची वाट ते दाखवतील.

आणि धुऊ नका.

वायव्य इराणमध्ये उर्मिया सरोवराच्या दक्षिणेला हाज्जी फिरूझ तेपे आहे. १९६८ मध्ये तिथे एका साध्या मातीच्या घराच्या स्वयंपाकघरात भिंतीलगत जमिनीत रोवलेले सहा रांजण मिळाले, प्रत्येकी नऊ लिटरच्या आसपासचे. इ.स.पू. ५४०० ते ५००० मधले. दिसायला इतके सामान्य की तुमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. एका रांजणाच्या तळाला पिवळसर थर चिकटलेला होता. तो कुणी खरवडला नाही, घासला नाही. जवळजवळ तीस वर्षं तो तसाच राहिला. १९९६ मध्ये त्याची तपासणी जाहीर झाली: टार्टारिक आम्ल, म्हणजे द्राक्षं, आणि पिस्त्याच्या जातीच्या झाडाची राळ, दारू टिकवण्यासाठी घातलेली. सात हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या घरात द्राक्षांची दारू मुरायला ठेवली होती. हे आपल्याला ठाऊक आहे ते फक्त एका न धुतलेल्या रांजणामुळे.

त्या जावयांना मी फोन केला. विचारलं, ब्रशने काढलेल्या मातीचं काय केलं? "बेसिनमध्ये गेली, काका." मग विचारलं, काठाच्या आतल्या खाचेत, सापाच्या कोरीवकामात, तळाच्या कडेला कुठे थोडी उरली आहे का बघा. त्यांनी भांडं खिडकीपाशी नेऊन पाहिलं. बैलाच्या पायांमध्ये चिमूटभर आहे म्हणाले. मी सांगितलं, तिला हात लावू नका. ते भांडं कागदात गुंडाळून ठेवा, मी येतोय.

कळावे,

पुण्यातला एक निवृत्त आरेखक